फक्त स्वतःचं लिहायचं

"हे काय लिहिलंयस?" पोलीस ठाण्यातल्या अधिकारीबाईंनी कागद टेबलावर आपटला. "तुला जबाब लिहायला सांगितला होता. खाली 'शिक्षा : महिनाभर मोटारसायकल रोज पुसणे' हे कुणी सांगितलं?"

नववीतल्या भिंगरीने शेजारी बसलेल्या इतिहासाच्या सरांकडे पाहिलं. "आमच्या शाळेत असंच लिहितात. आधी काय केलं ते, मग शिक्षा, मग सही."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं सरांना झालं. पद्धत त्यांचीच. तीस वर्षं त्यांच्या कपाटात एक जाडजूड वही होती. ज्याने आगळीक केली त्याने ती आपल्या हाताने लिहायची, शिक्षाही आपणच सुचवायची. लिहायचं ते फक्त स्वतःचं, दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. आणि वही कपाटाबाहेर जायची नाही, हा सरांचा शब्द. एकीने लिहिलं होतं, 'मैत्रिणीची वेणी बाकाला बांधली. शिक्षा : महिनाभर माझी वेणी ती घालेल.' एका पठ्ठ्याने तर 'अजून काही केलं नाही, पण उद्या करणार आहे' असं आगाऊच लिहून ठेवलं होतं. रिकाम्या तासाला ती पानं चाळताना सर एकटेच हसत बसायचे. फार गोड दिवस होते ते. यंदा नव्या मुख्याध्यापिकांनी वही बंद करून शिक्षेचे छापील तक्ते आणले, आणि रस्त्यावरचं प्रकरण असलं की थेट पोलीस.

प्रकरण असं, की चौघींनी पैज लावून वाहतूक पोलिसाची मोटारसायकल ढकलत नेली आणि शाळेच्या मागच्या जिन्याखाली लपवली. अख्खं ठाणं तीन तास शोधत होतं. गाडीचा निखळलेला आरसा बसवायला भिंगरी परत गेली आणि आयतीच सापडली.

"ती गाडी एकटीला हलणारसुद्धा नाही," अधिकारीबाई म्हणाल्या. "बाकीच्या कोण?"

"दुसऱ्याचं लिहायचं नसतं."

"मग उद्या बाल न्याय मंडळापुढे उभी राहा. नाहीतर नावं सांग आणि आत्ता घरी जा." मग त्या सरांकडे वळल्या. "सर, तुम्हाला तर माहीत असणारच."

माहीत होतं. वही बंद झाली होती तरी बाकीच्या तिघी सकाळीच येऊन, रडून रडून तीत लिहून गेल्या होत्या. तिन्ही नावं सरांच्या अगदी ओठांवर होती. बाहेर बाकावर भिंगरीची आई बसली होती, कामावरून तशीच उठून आलेली. पोर सुटावी असं सरांना मनापासून वाटत होतं. पण त्या तिघींनी लिहिलं होतं ते त्यांच्या शब्दावर विसंबून.

"माहीत आहे," सर म्हणाले. "पण सांगणार नाही. मला एक कागद द्या."

अधिकारीबाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि कागद दिला.

'पोलिसांनी विचारलेली नावं ठाऊक असूनही मी सांगितली नाहीत,' सरांनी लिहिलं. तीस वर्षं पोरांकडून लिहून घेतलं, स्वतः मात्र एकदाही लिहिलं नव्हतं. शिक्षेपाशी ते बराच वेळ अडले. मग 'जी हिला द्याल ती मलाही' एवढं लिहून त्यांनी सही केली.

अधिकारीबाईंनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. दोन्ही कागद एकत्र टाचले. "उद्या अकराला दोघंही या. काय करायचं ते वरिष्ठ ठरवतील. आत्ता हिला आईकडे द्या."

सर उठले आणि दाराऐवजी कोठडीकडेच निघाले. भिंगरीने त्यांचा हात धरला.

"पहिल्यांदा लिहिताना सगळ्यांचंच असं होतं, सर," ती हळूच म्हणाली. "घरी गेल्यावर जेवा नीट."