अनावश्यक प्रश्न

व्हर्ना स्टम्बोला तीनशे ऐंशी डॉलर सुटणार होते, आणि काम काय, तर दुकानात जाऊन माणसं न्याहाळायची. एकतीस वर्षं तिने केंटकीच्या डोंगरांत शाळेची बस चालवली. मागच्या बाकावर कोण कुणाच्या केसांना च्युइंगगम चिकटवतंय हे तिला मान न वळवता कळे. त्याचे वेगळे पैसे तेव्हा कुणी दिले नव्हते.

टपालाने एका कंपनीचं पत्र, गुणपत्रक आणि चोवीसशे ऐंशी डॉलरचा चेक आला होता. तो खात्यात भरायचा, तीनशे ऐंशी आपले ठेवायचे, एकवीसशेची गिफ्ट कार्डं घ्यायची, मागची पट्टी खरवडून खालच्या गुप्त आकड्यांचे फोटो कंपनीला पाठवायचे आणि विक्रेत्याला गुण द्यायचे. कुणाला पत्ता लागता कामा नये. दुकानांची परीक्षा घेणारा गुप्त ग्राहक म्हणतात तो हाच. दुसऱ्याच दिवशी खात्यात रक्कम दिसली आणि व्हर्नाची उरलीसुरली शंका मिटली.

सकाळी पहिल्या दुकानात पाचशेचं काम उरकलं. तिथल्या बाईने मानसुद्धा वर केली नाही. व्हर्नाने तिला दहापैकी दहा दिले आणि आकडे पाठवून टाकले.

उरलेल्या सोळाशेसाठी ती दुसऱ्या दुकानात शिरली. गल्ल्यावर डेन्झिल होता. एकेकाळी तिच्याच बसमधला. आता डोक्यावर केस नव्हते.

"मिस व्हर्ना! चार कार्डं? कुणाला हो एवढी?"

"नातवंडांना. वाढदिवस आहे."

"दोघांचे चार वाढदिवस? आणि थोरला तर सांगत होता, आजी दरवर्षी मोजे देते."

मागे रांगेत कुणीतरी खाकरलं. व्हर्नाच्या पर्समध्ये गुणपत्रक होतं. त्यातला सहावा प्रश्न तिला पाठ होता: विक्रेत्याने अनावश्यक प्रश्न विचारले का? विचारले असल्यास शून्य. डेन्झिलचे तर आताच तीन झाले होते. शून्यापायी त्याची नोकरी गेली तर? घरी दोन मुली.

"डेन्झिल, गप्प बस. तुझं नुकसान होतंय."

"माझं?"

ती गल्ल्यावर वाकली आणि जे कुणालाही सांगायचं नव्हतं ते त्याच्या कानात सांगितलं. "मी तुझी परीक्षा घ्यायला आलेय. पैसे घे, हस, कार्डं दे. दहा गुण देते तुला."

डेन्झिल हसला नाही. गल्ल्याजवळ चिकटवलेल्या कागदावर त्याने बोट ठेवलं: 'मोठ्या रकमेची कार्डं घेणाऱ्याला विचारा, कुणासाठी?'

"हे आमच्याच मालकांनी लावलंय. मी विचारू नये म्हणून गुण देणारी ही कंपनी कुठली, मिस व्हर्ना? मला एकदा बघायचीय ती."

बघायचं तर आता व्हर्नालाही होतं. तरी ती म्हणाली, "पण पैसे खात्यात आलेत. माझ्या डोळ्यांनी बघितलेत."

"दिसलेत. आले नाहीत. माझ्या सासूने होडी विकली, तेव्हा तिलाही दिसले होते. बँक रक्कम आधी दाखवते, चेकची शहानिशा मागाहून होते. आठवड्याने चेक परत आला आणि सगळी रक्कम खात्यातून वजा झाली. होडी काही परत आली नाही."

"मग ही कार्डं..."

"तुमच्या पैशांची."

तिचे म्हणून खात्यात होते तेवीसशे. घर गरम ठेवणारी भट्टी गेल्या हिवाळ्यातच बंद पडली होती. थंडीच्या आत नवी घ्यायची होती.

चेकचा फोटो तिच्या फोनमध्ये होता. नेब्रास्काची कुठलीशी बँक. ती चेकवरचा नंबर फिरवू लागली तसा डेन्झिलने फोनवर पंजा ठेवला.

"तो नको. चेक ज्याने छापला, त्यानेच नंबरही छापला असणार. बँकेचा नंबर आपण शोधू."

तो सापडला. पलीकडच्या बाईने चेकचा क्रमांक ऐकून घेतला, पुन्हा एकदा वाचायला लावला.

"मॅडम, हा चेक आमचा नाही. आणि या क्रमांकाबद्दल विचारणाऱ्या आज तुम्ही चौथ्या."

डेन्झिल चारही कार्डं उचलून परत भिंतीवरच्या हुकांना अडकवायला गेला. तेवढ्यात व्हर्नाचा फोन थरथरला: 'अहवाल कुठे आहे? विक्रेत्याशी बोलू नका.' तिने तो संदेश मोठ्याने वाचला.

"मी बोलतेय हे याला कसं कळलं रे?"

"कळलं कुठलं! तुम्ही कुणाशी बोलाल ही भीती त्याला सकाळपासूनच असणार."

सकाळच्या कार्डाची चौकशी तिने तिथूनच केली. फोटो पाठवल्यावर अकरा मिनिटांत त्या आकड्यांवरून कुणीतरी ते रिकामं केलं होतं.

नवव्या दिवशी चेक परत आला. बँकेने चोवीसशे ऐंशी काढून घेतले, वर बारा डॉलर दंड. नवी भट्टी घरात आली ती नाताळनंतर.

मध्यंतरी डेन्झिलच्या दुकानात मालकांकडून एक अहवाल आला. ते खरोखरच गुप्त ग्राहक पाठवत असत. त्यात लिहिलं होतं: 'विक्रेता एका वृद्ध ग्राहकाशी गप्पा मारत राहिला. रांग नऊ मिनिटं खोळंबली. दहापैकी चार.' त्याचा तिमाहीचा चाळीस डॉलरचा बोनस कापला गेला.

"कोण होता रे मेला?" व्हर्नाने विचारलं.

"काय माहीत. गुप्त असतो ना."

"त्याला किती मिळाले असतील?"

"अठरा डॉलर देतात म्हणे. चेकने."

म्हणजे व्हर्नाने भरले पाचशे बारा, डेन्झिलने चाळीस. अठराचा तो चेक मात्र वटला.