अळणी पाडवा

“मिठागरावरची माणसं तुम्ही, आणि कालवण अळणी?” जावई हौसाच्या कानाशी पुटपुटला, पण वाढायला वाकलेल्या सासूला, चांगुणेला ते ऐकू आलंच. लग्नानंतरचा त्याचा पहिला पाडवा. बाळकुमच्या मिठागरावर सरकारी शिपाई म्हणून तो नुकता लागलेला, डगलासुद्धा अजून कोरा.

सासरा राघो उगाच खोकला. हौसा आईकडे बघत राहिली. जावई पेटला. त्यानं ताट सरकवलं. “ऊठ गं हौसा. मान नाही तिथं जेवायचं नाही.”

सणाची लेक उपाशी उठली, तशी चांगुणेनं पळी खाली ठेवली.

“बसा, जावईबुवा. कर बसल्यापासून विकतचं मीठ आम्हाला झेपत नाही. काल कामावरून सुटताना मूठभर बांधलं होतं पदराला, तुमच्याच पाडव्यासाठी. फाटकावर तुम्ही सगळ्या बायकांना पदर झटकायला लावलेत, त्यांत मी होते.”

त्याची मान खाली गेली. मग तीच हळूच म्हणाली, “गोरा साहेब तुमच्या मागंच उभा होता. बरं झालं, तुम्ही माझ्या तोंडाकडं पाहिलं नाहीत.”