सोमवारचे तात्यासाहेब

राष्ट्रनेता अमर असतो, असं राजधानीच्या प्रत्येक चौकात लिहिलं होतं. प्रत्यक्षात तात्यासाहेब सहा वेळा मारले गेले होते आणि दर वेळी प्रयोगशाळेनं त्याच एका जुन्या सोमवारी काढलेल्या स्मृतीच्या प्रतीवरून त्यांना नव्या देहात उठवलं होतं. सगुणाबाईंनी मंगळसूत्र सहा वेळा उतरवून सहा वेळा घातलं होतं.

काल घरी आणून सोडल्यापासून तात्यासाहेब झोपूनच होते. सकाळी नवख्या हातांनी चहाची बशी सांभाळत त्यांनी विचारलं, “या खेपेला कोण? सीमेपलीकडचे?”

“आपलेच. परवा तुम्ही तह करतो म्हणालात.”

“मी? शत्रूशी?”

“दर मंगळवारी म्हणता. सीमेवर पडलेल्या पोरांची यादी येते ना त्या दिवशी.”

त्यांनी यादी मागितली. दोन्हीकडची नावं वाचता वाचता चहा निवला. “बरोबरच म्हणालो,” ते पुटपुटले. “आजच सही करतो.”

“आधी प्रत काढून घ्या. पुन्हा काही झालं तर निदान एवढं आठवेल. दर खेपेला मीच किती नव्यानं सांगायचं हो?”

त्यांनी सगुणाबाईंचा हात हातात घेतला आणि दुसऱ्या हातानं स्वतःच प्रयोगशाळेला फोन लावला.

पलीकडे घंटी नुसती वाजत राहिली. आज गुरुवार; गुरुवारी प्रयोगशाळेला साप्ताहिक सुट्टी असते.