फक्त आमच्याकडून

शंभराची नोट टेबलावर आल्याशिवाय डॉक्टर दिनानाथ पेनचं टोपण काढत नसत.

जमुनाने नोट ठेवली. डॉक्टरांनी मिथुनच्या पायावरची पट्टी सोडून पाहिली आणि विम्याचा फॉर्म भरला. आणखी एक आठवडा रजा.

"डॉक्टर, भिंतीवर काय लिवलंय?" जमुनाने विचारलं.

कामगार विम्याच्या रुग्णांनी फॉर्मसाठी पैसे देऊ नयेत, असं तिथे निळ्या रंगात लिहिलं होतं.

"तुला वाचता येतंय ना? मग बाकीचं घरी जाऊन नवऱ्याला विचार."

नवऱ्याला विचारून काही निघत नसे. कारखान्यात रसायन सांडून पाय भाजल्यापासून मिथुनचं बोलणं दोन शब्दांवर आलं होतं: दे, आणि गप बस. त्याचा चुलतभाऊ कैलास मुरब्याला मासेमारीच्या बोटीवर गेला, तेव्हा ठेकेदाराने कारखान्यात त्याच्या जागी मिथुनला घेतलं होतं. आता फॉर्म मिथुन ठेकेदाराला नेऊन द्यायचा आणि ठेकेदार विम्याचे पैसे आणून द्यायचा. त्यातले किती त्याच्या बोटांना चिकटत, कोण विचारणार? पाय बरा होईपर्यंत सरावलीतल्या त्यांच्या खोलीतली चूल त्या पैशांवरच पेटत होती.

नळावर शेजारची हेतल म्हणाली, "आमचे हे आजारी होते तेव्हा एक रुपया नाही घेतला हां डॉक्टरने. वर दम दिला, पैसे काढशील तर फॉर्म फाडेन म्हणून."

जमुनाचा हंडा भरून वाहू लागला तरी ती तशीच उभी.

"म्हंजे फक्त आमच्याकडून."

"असं कसं करेल तो?"

"आमी डोंगरावरचे ना. जंगलातून आलेल्यांना काय कळतंय, असंच समजत आसंल."

शंभर रुपयांपेक्षा हे तिला जास्त लागलं. बोईसरला विमा असलेल्या कामगारांची तक्रार सभा होती, तिथे ती एकटीच गेली. माईक तोंडाजवळ धरायचा की दूर, हे न कळून ती जरा ओरडूनच बोलली. समिधा मॅडम नावाच्या अधिकारी होत्या. त्यांनी डॉक्टरांचं नाव लिहून घेतलं आणि पुढच्या सोमवारी दवाखान्यात येते म्हणाल्या.

घरी आल्यावर तिने मिथुनला सांगितलं. त्याने हातातला घास ताटात परत ठेवला.

"कोनी सांगितलं व्हतं तुला?"

"भिंतीनं."

"सोमवारी आपुन जायचं नाय."

"आपुनच जायचं. पट्टी त्याच दिशी हाय."

सोमवारी दाराशीच डॉक्टरांनी तिला बाजूला घेतलं. एरवी अरे-तुरे करणारा माणूस अहो-जाहोवर आला होता.

"बाई, सगळे पैसे परत देतो. मॅडमना सांगा, चूक झाली म्हणून. तुमच्याच भल्याचं सांगतोय."

जमुनाला बरं वाटलं. घाबरलेला डॉक्टर तिने पहिल्यांदाच पाहिला होता.

"आता मॅडमसमोरच द्या," ती म्हणाली.

मागून मिथुनने तिचा पदर ओढला. "चल घरी. पाया पडतो तुझ्या."

"कुनाला घाबरतोस? आपला हक्क हाय."

समिधा मॅडम आल्या, भिंत वाचली, खुर्ची ओढून बसल्या. बाकावरच्या सगळ्यांना त्यांनी विचारलं. कोणीच पैसे दिले नव्हते. कोणी म्हणालं, डॉक्टर देवमाणूस आहे. जमुना हसली, पण कडवट.

"ही बाई खोटं बोलते का?" मॅडमनी डॉक्टरांना विचारलं.

"नाही."

"म्हणजे घेता?"

"एकाच पेशंटकडून."

"का?"

डॉक्टरांनी पेनला टोपण लावलं.

"ऐकलं का सगळ्यांनी?" जमुना बाकाकडे वळून म्हणाली. "एकाच."

मॅडमनी हात पुढे केला. "त्या पेशंटचा फॉर्म द्या. पैसे आत्ता, माझ्यासमोर परत करायचे."

डॉक्टरांनी बाकाकडे एकदा पाहिलं. मग खण उघडून गेल्या आठवड्याच्या फॉर्मची प्रत दिली. मॅडमनी चष्मा वर सरकवला आणि मोठ्याने नाव वाचलं.

"कैलास वरठा. कोण आहे?"

मॅडमनी पुन्हा पुकारलं.

भिंतीला हात टेकत मिथुन उभा राहिला.

"मी," तो म्हणाला.