मालकांची निळी टोपी

कोंबड्याची चोच जियानकडे होती.

वर्षअखेरच्या मेजवानीत मालक उकडलेल्या कोंबड्याची चोच ज्याच्याकडे करतात, त्याने सुट्टीनंतर कामावर यायचं नसतं. आमच्या शिंचू शहरातली ही जुनी रीत. जियान खाली मान घालून सूप ढवळत बसला. घरी बायकोला आठवा महिना लागला होता.

त्याचा गुन्हा एवढाच, की गिऱ्हाइकासमोर तो खरं बोलला होता. आपले निळे दिवे पूर्ण विजेवर निळे. वीज कमी मिळाली की रंग हिरव्याकडे सरकतो.

"माझा रंग बदलत नाही," मालक लियाओ तेव्हाच गरजले होते. आज ते सिद्ध करायला त्यांनी त्याच दिव्यांनी मढवलेली टोपी चढवली होती. भाषण संपेपर्यंत ती निळी राहिली, की जियानची नोकरी गेली.

"मालक, दिवे डोक्याऐवजी छातीवर लावा," जियान हळूच म्हणाला.

"माझ्या डोक्यावर काय शोभतं ते मला कळतं. तू सूप पी."

भाषण सुरू झालं. विक्रीखात्याचे पेंग साहेब वाक्यावाक्याला टाळ्या वाजवत होते. मालकीणबाई कोळंबी सोलत होत्या. मालक आजोबांच्या भातगिरणीपासून निघाले. कारखान्याच्या पायाभरणीपर्यंत पोचेतो टोपीतली बॅटरी थकली. टोपी आधी मोरपंखी झाली. मग चक्क हिरवी.

पेंग साहेबांच्या टाळ्या अर्ध्यावर थांबल्या. नवऱ्याच्या डोक्यावर हिरवी टोपी म्हणजे बायकोचं बाहेर सूत जुळलंय, हे आमच्याकडे शाळकरी पोरंही जाणतात. सगळ्यांचे डोळे टोपीवरून उतरून मालकीणबाईंकडे गेले.

मालकांना स्वतःची टोपी दिसत नव्हती. त्यांना वाटलं, भाषण काळजाला भिडलं. जियानला ऐकू जावं म्हणून त्यांनी आवाज चढवला.

"आता सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंत. ज्याची चूक असेल, त्याने उभं राहून कबूल करावं."

जियान खुर्ची मागे सारतोय, तोच पेंग साहेब उभे राहिले. घामाने निथळत होते.

"मालक, सुरुवात मालकीणबाईंनी केली."

मालकीणबाईंच्या हातातली कोळंबी सुपात पडली.

मालकांनी टोपी काढली. उलटसुलट करून न्याहाळली. मग कोंबड्याचं ताट सावकाश फिरवून चोच पेंग साहेबांसमोर आणली.

"जियान," ते म्हणाले, "गिऱ्हाइकाला कळव. रंग बदलतो."