देवराईचा पाला

वाढत्या उष्म्यामुळे पायथ्यावरून डोंगरमाथ्यावर हलवलेली देवराई वाळत चालली होती. फक्त एका सुरंगीला पालवी फुटली होती. वनखात्याच्या मृदुला खोत यांनी तिच्या बुंध्याशी उकरलं, तर आत जुन्या जागेचा कुजका पाला आणि पांढरी बुरशी निघाली.

“मीच आणला, मॅडम,” राईतल्या देवाची पूजा करणाऱ्या गुरवकाकू मान खाली घालून म्हणाल्या. “देवाने कौल दिला तो झाडांपुरताच; एरवी राईतलं पानसुद्धा बाहेर न्यायचं नसतं. पण झाड डोळ्यांदेखत मरत होतं.”

“तुमच्या रिवाजापायी आम्ही माती-पाला तिथेच सोडून, मुळं धुऊन झाडं आणली, काकू. ती या बुरशीवाचून जगत नाहीत. उरलेला पाला आजच आणू.”

काकूंनी कोवळ्या पानाला हात लावला. मग राईत शिरताना काढतात तशा, या माथ्यावर पहिल्यांदाच, त्यांनी चपला काढून ठेवल्या.