समोरची भिंत

मंत्रीसाहेबांना लपवून ठेवलेली मुलगी आहे की नाही, याचा छडा लावायला मला पेपरने पिटाळलं होतं. पक्षवाले म्हणत, "विरोधकांचं कारस्थान!" विरोधक म्हणत, "नाक बघा नाक, आणखी कसला पुरावा हवा?" ती मुलगी हॉस्पिटलात नर्स होती. ती एवढंच म्हणायची, "मला त्यांचं काही नको. एकदा 'माझी आहे' म्हणू देत, बस."

आज कोर्टाच्या हुकमाने ती डीएनए चाचणीसाठी रक्त द्यायला गेली आणि मी तिच्या आईला गाठलं. शिलाई मशीनवर कुणाचे तरी पडदे शिवत बसली होती. या प्रकरणात तिने आजवर चकार शब्द काढला नव्हता.

"मावशी, आता तरी बोला. साहेब कबूल का करत नाहीत?"

मशीन थांबलं.

"ते खरंच बोलतायत हो. मी त्यांना आयुष्यात कधी भेटले नाही."

"मग हिला कुणी सांगितलं?"

"बाप तिने पाहिलाच नाही. तीन वर्षांची झाली नि 'माझे बाबा कुठेत?' म्हणून रडून रडून जीव नकोसा करायची."

 

तिने हातातला पडदा बाजूला ठेवला. "तेव्हा खिडकीसमोरच्या भिंतीवर निवडणुकीचं पोस्टर लागलं होतं. माणूस हसरा वाटला, मी बोट दाखवलं."